अनुभव धागा : कादंबरीतलं एकटं माणूस आपल्याच गल्लीत भेटलं तेव्हा

हिवाळ्यात आपल्याकडे बेळगाव भागात कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी, लेझीम, दुपारच्या पंगती. परिसंवादाला ‘आधुनिक कादंबरीतील एकाकीपणा’ असा विषय असला की वक्ते पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवर बोलतात आणि मांडवातली माणसं शिस्तीत ऐकून घेतात. मला वाटतं, इकडे माणूस भरल्या घरात जास्त एकटं असतं. त्याच्या बुडाशी बहुतेक वेळा जात, जमीन नाहीतर शिकलेल्या पोराचं ओशाळेपण असतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कुठलेही असा. एखादी कादंबरी वाचताना ‘हे तर आपल्याच घरातलं’ असं झालं असेल तर लिहा. समीक्षा नको. सीमाप्रश्नावर निबंध तर अजिबात नको, ते आपण रोज बोलतोच.

मागावरचा, वडगाव

नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) कॉलेजात सरांनी दिली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातनं पुण्याला जातो, बापाचे पैसे उधळतो, उदास होतो. मी ते रात्रपाळीला मागाजवळ बसून वाचायचो. आमचा आण्णा एकदा आला. ‘काय वाचूलालास रे?’ मी गोष्ट सांगितली. म्हणाला, ‘बाप पैसे पाठवतोय तोवर उदास होऊन घे म्हणावं.’ तेव्हापासून मला त्या पुस्तकात पोरापेक्षा बापच जास्त दिसतो.

पण धाकटी बहीण मनी मरते ती पानं वेगळी. तिथं सांगवीकरची सगळी टिंगल गळून पडते. माझी धाकटी बहीण आठवीत शाळेतनं काढून मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बसवली होती, म्हणून माझी कॉलेजची फी निघाली. ती तिकडं कांड्या भरत होती आणि मी त्याच बल्बच्या उजेडात दुसऱ्याच्या बहिणीसाठी डोळे पुसत होतो. हे तिला आता सांगितलं तर म्हणेल, ‘त्यापेक्षा चार कांड्या भरू लागला असतास.’

चिकोडीची सून

माहेर कागलकडचं, सासर चिकोडी तालुक्यात. घरात कन्नड, माहेरच्यांशी मराठी, बाजारात दोन्ही. कन्नड फाडफाड बोलते, अक्षर मात्र येत नाही. ‘संस्कार’ मला मालकांनी कन्नडातनं वाचून दाखवली, रात्री भांडी आवरल्यावर, थोडी थोडी. (मूळच्या बेळगावच्या अनुवादिका उमा कुलकर्णींचंही असंच. त्यांचे यजमान विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड वाचून दाखवायचे, त्या मराठीत आणायच्या. आमच्यात आणलं काही नाही, नुसतं ऐकलं.)

अनंतमूर्तींची 1965 ची कादंबरी. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मरतो. मांस खाल्लेला, दारू प्यालेला, चंद्रीला घरात ठेवलेला. पण जातीबाहेर टाकायचं राहून गेलेलं, म्हणजे अजून ब्राह्मणच. मग क्रियाकर्म कुणी करायचं? मढं पडून आहे तोवर अग्रहाराला जेवण नाही. चंद्री खर्चाला अंगावरचं सोनं काढून ठेवते, तशी ‘आमचा हात लागायला नको’ म्हणणाऱ्यांची नजर फिरते. प्राणेशाचार्य पोथ्या धुंडाळतात, मारुतीला कौल लावतात. मारुती काही बोलत नाही.

इथं मी मालकांना थांबवलं. आमच्या भावकीतल्या एका दिरानं जातीबाहेर लग्न केलेलं. तो वारला तेव्हा भावकी आली, पण अंगणात कुणी चढलं नाही, सगळे समोरच्या कट्ट्यावर. बांबू कुणी आणायचे यातच दुपार झाली. नाही कुणी म्हणत नव्हतं, हो पण म्हणत नव्हतं. गाडगं कुणी धरायचं हा विषय तर कुणी काढलाच नाही. आत जाऊबाई एकटी, पदरानं माशा वारत बसलेली. शेवटी तो काम करायचा त्या गॅरेजातली पोरं आली, त्यांनी तिरडी बांधली आणि उचलून चालू लागली. त्यांची जात कुणी विचारली नाही. विचारली असती तर कट्ट्यावरच्यांना उठावं लागलं असतं.

पुढच्या रात्री मालकांनी वाचलं की चंद्रीनं मासळीवाल्या अहमद बारीला गाठून रात्रीतच सगळं उरकलंय, आणि अग्रहाराला पत्ताच नाही. वाचता वाचता ते म्हणाले, ‘मीही कट्ट्यावर होतो त्या दिवशी.’ मला ठाऊक होतं. तिथं चहा मीच नेऊन दिला होता.

निवृत्त बाई, निपाणी

राजन गवसांची ‘चौंडकं’, 1985. डोक्यात जट आली म्हणून यल्लम्मा देवीला सोडलेल्या, देवदासी केलेल्या पोरीची गोष्ट. शहरातल्या मैत्रिणी वाचून रडल्या. मला राग आला, लेखकाचा नाही, त्या रडण्याचा.

माझी आई तंबाखूच्या वखारीत राबली. मंगळवारी-शुक्रवारी दारात अशीच देवीला सोडलेली जोगतीण यायची. आई सुपातनं तिच्या परडीत जोंधळे घालायची, भंडारा लावून घ्यायची, पाया पडायची. तीच बाई वखारीत शेजारी बसली की आई डबा घेऊन सरकायची. देवी चालायची, बाई नाही. मुली सोडण्यावर कर्नाटकात 1982 ला कायद्यानं बंदी आली, पण शाळेच्या दाखल्यावरचा वडिलांच्या नावाचा रकाना काही कायद्यानं भरला नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी विचारलं की दरवेळी तिथं नवंच नाव सांगायची. मी निमूट लिहून घ्यायचे. एकदा तिनं माझ्याच नवऱ्याचं नाव सांगितलं. वर्गात दुसरं पुरुषाचं नाव तिला ऐकायलाच मिळालं नसेल. कादंबरी वाचताना मला ती पोर आठवली, देवी नव्हे.

हुक्केरीकर

थोडक्यात. ‘गोतावळा’ (1971). आनंद यादव कागलचे, म्हणजे बोली आमचीच. मालकाचा ट्रॅक्टर येतो, जनावरं जातात, बिनलग्नाचा नारबा उघडा पडतो. आमच्या घरचा सालगडी ट्रॅक्टर आल्यावरही पहाटे उठून रिकामा गोठा झाडायचा. आजोबांनी त्याचं जेवण चालू ठेवलं होतं आणि घरचे येईल त्या पाहुण्याला सांगायचे, ‘बघा, किती केलं त्याचं.’ हे तो ऐकत असायचा, पत्रावळ पुढ्यात घेऊन.

टिळकवाडी

नको म्हटलंय तरी लिहितो, नको असेल तर काढा. 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाला, काळी फीत लावून मी सायकल फेरीत जातो. वडीलही जायचे. पोरगा इंग्रजी शाळेत. मराठी बोलतो छान, वाचताना ओळीवरनं बोट फिरवतो. बायको म्हणते, ‘इथं नोकरी कन्नडशिवाय नाही, बेंगळुरात इंग्रजीशिवाय नाही. घोषणा कुणासाठी देताय?’ फेरीत माझ्या पुढं-मागं असणाऱ्या कितीतरी जणांची पोरं त्याच शाळेच्या बसमधनं उतरतात. कुणी कुणाला विचारत नाही. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांवर कविता ढीगभर आहेत. हा माणूस कुठल्या कादंबरीत आहे? असली तर नाव सांगा.

धागाकर्ता

काढत नाही. नाव मलाही सुचेना.

चिकोडीची सून

टिळकवाडी, तुम्हीच लिहा की. मराठीत लिहिलंत तर मालकांना मी वाचून दाखवीन.

मागावरचा, वडगाव

निपाणीच्या बाई, ‘चौंडकं’ मिळेल का वाचायला? वाचनालयातली प्रत कुणीतरी नेलीय.

निवृत्त बाई, निपाणी

देते. आधी बहिणीला वाचू दे, मग तू.