‘व्यावसायिक परवाना’ हा नेमका कशाचा विरुद्धार्थी?

पार्लेकर : अंधेरीतील एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर खरेदीची टिप्पणी मराठीत लिहिताना अडलो आहे. ‘क्यूटी’ ही लायब्ररी (प्रोग्रॅममध्ये जोडून वापरायचा तयार कोडचा संच) जीपीएल (‘जनरल पब्लिक लायसन्स’) आणि त्याचाच प्रकार एलजीपीएल या मुक्त, म्हणजे कोड पाहण्याची, बदलण्याची व वाटण्याची मोकळीक देणाऱ्या, परवान्यांखाली मिळते, तशीच पैसे भरून कमर्शियल परवान्याखालीही मिळते. या दुसऱ्या प्रकाराला मी ‘व्यावसायिक परवाना’ म्हटले, तर लेखा विभागाने विचारले, “म्हणजे मुक्त परवान्याची लायब्ररी धंद्यात वापरता येत नाही का?” ती वापरता येते. मग शब्द कोणता योजावा?

मुलुंडकर : शंका रास्त आहे. जीपीएलखालील सॉफ्टवेअर विकण्यासही आडकाठी नाही. अट एवढीच की, ज्याला प्रत द्याल त्याला तुमच्या कोडसह सगळा मूळ कोड त्याच परवान्याखाली मिळाला पाहिजे. ज्यांना आपला कोड उघड करायचा नसतो ते पैसे भरतात, म्हणजे हे पैसे धंदा करण्याचे नसून अटीतून सुटकेचे आहेत. मी ‘सशुल्क परवाना’ लिहीन. ‘मुक्त’च्या जागी ‘मोफत’ मात्र कृपया कोणी लिहू नये.

गिरगावकर : मुळात ‘परवाना’ फारसी आहे. आरटीओच्या कागदांवर ‘अनुज्ञप्ती’ रुळलेला असताना तो का टाळावा?

माहीमकर : कारण तो कागदाबाहेर पडलाच नाही. आमच्या दुकानात भिंतीवर चौकटीत लावलेल्या नोंदणीच्या कागदाला वडील, शेजारी आणि तपासनीससुद्धा ‘गुमास्ता’च म्हणत, कारकुनाचे नाव कागदाला चिकटले आणि सगळ्या मुंबईने ते स्वीकारले. शब्द वापराने ठरतो.

मुलुंडकर : परंतु दुकानाच्या कागदासाठी अर्ज करावा लागतो. जीपीएलमध्ये प्रत हाती येताच मूळ हक्कधारकाकडून हक्क आपोआप मिळतात. तेथे ‘अनुमती’ अधिक नेमका आहे.

गिरगावकर : ‘अनुमती’ चालते, मग ‘अनुज्ञप्ती’ने काय घोडे मारले?

पार्लेकर : एलजीपीएलमधील ‘एल’चे काय करावे? 1991 मध्ये तो ‘लायब्ररी’चा होता, 1999 मध्ये ‘लेसर’चा (lesser) झाला.

माहीमकर : ‘लेसर’ म्हणजे येथे वापरकर्त्याच्या मोकळीकीला कमी संरक्षण देणारा. लायब्ररीपुरत्या अटी पाळून आपला कोड बंद ठेवता येतो, म्हणून मी ‘सौम्य’ म्हणेन.

गिरगावकर : ‘सौम्य’ औषधाला शोभतो. आणि ‘लायब्ररी’ला मराठी शब्द अजून कोणीच सुचवलेला नाही.