मदत हवी आहे: महिनाभर रोज एक भयपट पाहून निधी गोळा करायचा आहे, आखणी तपासून द्याल का?

पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून ३१ दिवस, रोज एक भयपट आणि त्यातून आजारी मुलांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी निधी, असा बेत आहे. ३१ सिनेमांची यादी तयार आहे. सरासरी लांबी ११० मिनिटं, म्हणजे एकूण जवळपास ५७ तास. सुरुवात रोज रात्री साडेनऊला. देणगीदारांनी दर सिनेमामागे ठरावीक रक्कम द्यायची, अशी कल्पना आहे.

अडलंय ते इथे: एखादा दिवस बुडाला तर काय करायचं? पैसे कधी आणि कसे मागायचे? शनिवारी चार लोकांना जमवून किंवा ऑनलाइन एकत्र सिनेमा पाहिला तर चालतं का? यादीत काही खटकत असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद १

यादी सिनेमांच्या संख्येवर नको, मिनिटांवर बेता. साडेनऊला ११० मिनिटांचा सिनेमा लावला की संपायला ११:२० होतात. त्यानंतर नोंद लिहायची, लोकांना उत्तरं द्यायची, म्हणजे झोपायला बारा वाजून जातात. आठवडाभर निभतं, दुसऱ्या आठवड्यात डोळे मिटायला लागतात. बहुतेकांचा उपक्रम इथेच ढेपाळतो, आणि त्यात भीतीचा काही संबंध नसतो.

कामाच्या २२ दिवसांना ८० मिनिटांच्या आसपासचे सिनेमे ठेवा आणि सुट्टीच्या ९ दिवसांना ११० चे. एकूण २७५० मिनिटं, म्हणजे ४६ तासांच्या आत. थेट ११ तास वाचतात. जुने सिनेमे इथे फार कामाला येतात: १९३१चा 'ड्रॅक्युला' ७५ मिनिटांचा, त्याच वर्षीचा 'फ्रँकेन्स्टाइन' साधारण ७०, १९४२चा 'कॅट पीपल' ७३. 'क्वाइदान' (१९६४) यादीत असेल तर तो तीन तासांचा आहे, रविवारी दुपारीच लावा. सुरुवातही आठला करा.

एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती असतात, हे आधीच तपासा. 'द शायनिंग'ची अमेरिकेतली प्रत १४४ मिनिटांची, युरोपातली साधारण ११९. 'नोस्फेराटू' (१९२२) मूकपट असल्याने प्रत आणि वेग बदलला की लांबीही बदलते. कोणती प्रत पाहणार ते नोंदवहीत लिहून ठेवा. आणि मूकपट थकलेल्या रात्री नको. पाट्या वाचाव्या लागतात, नजर हटवून चालत नाही.

दिवस बुडण्याबद्दल: नियम 'रोज एक' असा जाहीर करूच नका. '३१ दिवसांत ३१ सिनेमे, एका दिवशी जास्तीत जास्त दोन' असं लिहा. पहिल्या दोन शनिवार-रविवारांत दोन सिनेमे पुढे जाऊन ठेवा, ती शिल्लक ताप, पाहुणे, वीज जाणं यासाठी. नियम सुरुवातीलाच लिहिलेला असला की मध्ये बदलल्यासारखं वाटत नाही.

क्रम लावताना रक्तपाताचे दोन सिनेमे लागोपाठ ठेवू नका. सवय पटकन होते, मग चौथा सिनेमा तिसऱ्यासारखाच वाटतो आणि नोंदीही सारख्याच व्हायला लागतात. झपाटलेलं घर, मग प्राणी, मग मानसिक भय असं आलटून पालटून घ्या.

आणखी एक. ओटीटीवरचे सिनेमे बऱ्याचदा महिना बदलताना काढले जातात. त्यामुळे १ तारखेला पूर्ण यादी पुन्हा तपासा, पाच राखीव नावं तयार ठेवा. परभाषेतला सिनेमा असेल तर आदल्या दिवशी पाच मिनिटं लावून सबटायटल संवादांशी जुळतात का ते बघा.

प्रतिसाद २

पैशांचं सांगते. दर सिनेमामागे देणगी ऐकायला छान वाटते, पण वसुली महिनाअखेरीस करावी लागते आणि तोवर लोकांचा उत्साह ओसरलेला असतो. शिवाय मनातला आकडा एका सिनेमाचा असतो. त्याला ३१ ने गुणल्यावर दचकायला होतं. म्हणून देणगीच्या ऑनलाइन पानावर दोन्ही पर्याय द्या: आत्ताच एकरकमी, किंवा दर सिनेमामागे, पण कमाल मर्यादा देणगीदाराने स्वतः लिहिलेली. दुसऱ्या पर्यायाशेजारी ३१ सिनेमांची बेरीज आधीच छापा.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या नावाच्या पानावर जाऊ द्या. विश्वास राहतो आणि पावती देणाऱ्याच्या नावाने निघते. पान उघडण्याआधी संस्थेकडून नाव आणि बोधचिन्ह वापरण्याची लेखी परवानगी घ्या, आणि देणग्या गोळा करणारं संकेतस्थळ किती टक्के कापून घेतं ते पानावरच सांगा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट विशेष जपायची. संस्था आजारी मुलांसाठी आहे आणि विषय भयपटाचा. रक्ताळलेलं चित्र आणि मुलांचा उल्लेख एकाच पोस्टमध्ये कधीही येऊ देऊ नका. मुलांचे फोटो तर नकोतच. पहिल्या तीन पोस्ट संस्थेला आधी दाखवा. त्यांना अवघडल्यासारखं वाटलं तर ते लगेच सांगतील.

शून्य रकमेचं पान पाहून कुणी पुढे येत नाही. जाहीर करण्याआधी जवळच्या ५ ते १० जणांना एकेकट्याने फोन करून किंवा निरोप पाठवून पहिल्या देणग्या जमा करा. १० ते २४ तारखांमध्ये ओघ आटतो, तेव्हासाठी काहीतरी राखून ठेवा, उदाहरणार्थ शेवटच्या आठवड्यातले सिनेमे देणगीदारांनी निवडणं. सोडत मात्र ठेवू नका. बऱ्याच देशांत तिला वेगळा परवाना लागतो.

वसुली: ३१ तारखेच्या रात्री दुव्यासकट निरोप, तिसऱ्या दिवशी आठवण, दहाव्या दिवशी शेवटची. त्यानंतर विचारू नका.

प्रतिसाद ३

एकत्र पाहण्याबद्दल. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती वापरापुरतं असतं. सभागृह घेऊन किंवा तिकीट लावून सिनेमा दाखवला की ते सार्वजनिक प्रदर्शन झालं, त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. पैसे दानाला जातात म्हणून सूट मिळेल असं समजू नका. ऑनलाइन थेट प्रक्षेपणात सिनेमा दाखवणंही तसंच. सरळ मार्ग हा की प्रत्येकाने आपापल्या खात्यावर तोच सिनेमा ठरलेल्या मिनिटाला सुरू करायचा आणि गप्पा वेगळ्या गटात मारायच्या. सगळ्यांची प्रत एकाच लांबीची हवी, नाहीतर दचकण्याची जागा कुणीतरी आधीच फोडतं.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८, ९६ मिनिटं) अमेरिकेत प्रताधिकारमुक्त आहे, कारण नाव बदलताना पडद्यावरची प्रताधिकाराची सूचना गळाली आणि तेव्हाच्या कायद्यात ती आवश्यक होती. पण दुसऱ्या देशात नियम वेगळा असू शकतो, आणि नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीचे किंवा तिच्या सबटायटलचे हक्क स्वतंत्र असू शकतात. दाखवण्याआधी स्थानिक नियम पाहाच.

पोस्टसाठी पोस्टर किंवा दृश्यं उचलू नका, स्वतःच्या नोंदवहीचा फोटो पुरतो. एकत्र पाहणार असाल तर हिंसा, प्राण्यांचा छळ आणि लखलखता प्रकाश यांची सूचना आदल्या दिवशी द्या. प्रकाशाच्या वेगवान लखलखाटाने काही अपस्मार रुग्णांना झटका येऊ शकतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळ आठची केली, नियम बदलला, दर सिनेमामागच्या देणगीला मर्यादा घातली. आता एवढंच: रोजच्या नोंदीत काय लिहू? आणि एखादा सिनेमा सहनच झाला नाही तर?

प्रतिसाद १

नोंद ६० शब्दांच्या आत, त्यात सिनेमातली एकच गोष्ट, मग आकडा, मग दुवा. कथा सांगू नका. नमुना:

"दिवस १२. कॅट पीपल, १९४२. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात जनावर धड दिसतच नाही. भिंतींवर हलणारा पाण्याचा उजेड, एक सावली आणि गुरगुरणं, एवढ्यावर अंगावर काटा येतो. १२ झाले, १९ राहिले. मदतीचा दुवा खाली."

प्रतिसाद २

सहन न होणाऱ्या सिनेमासाठी नियमांत एक ओळ आत्ताच घाला: 'अर्धवट सोडलेला सिनेमा मोजला जाणार नाही, त्याऐवजी राखीव यादीतला पाहिला जाईल.' कारण द्यायची गरज नाही. झोप उडायला लागली तर सलग दोन दिवस राखीव यादीतले जुने, छोटे सिनेमे घ्या आणि ते दिवसाउजेडी पाहा.