‘क्रिटीक’साठी मराठी शब्द : टीका, समीक्षा, अभिप्राय की आणखी काही?

अनुवादिका

संगणकावर व्यक्तिरेखा रंगवणाऱ्या नवशिक्या चित्रकारांसाठी लिहिलेली एक मार्गदर्शिका मी सध्या मराठीत आणते आहे. ‘थर’, ‘रेखांकन’, ‘छटा’ हे शब्द विनासायास बसले. परंतु पानोपानी येणाऱ्या एका शब्दापाशी मी गेले आठ दिवस अडले आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘क्रिटीक’. आपले चित्र दुसऱ्यासमोर ठेवून त्यात काय बिघडले आहे हे विचारणे, आणि विचारले गेल्यावर ते नीट सांगणे, एवढा सगळा व्यवहार त्या एका शब्दात येतो.

पहिल्या मसुद्यात मी ‘टीका’ हा शब्द योजला होता आणि ‘टीका कशी मागावी’, ‘टीका कशी करावी’ अशी प्रकरणांची नावेही दिली होती. मसुदा वाचणारी माझी मैत्रीण स्वतः व्यक्तिरेखा रंगवते. तिने पहिल्याच पानावर थांबून सांगितले की ‘टीका मागणे’ असा प्रयोग मराठीत नाही. टीका होते, टीका सोसावी लागते, टीकेला उत्तर द्यावे लागते, पण ती कोणी मागून घेत नाही. हे मला पटले. मग मी सर्वत्र ‘अभिप्राय’ केले, तर तिने आपला अनुभव सांगितला. चित्राखाली ‘अभिप्राय द्यावा’ असे लिहिले की ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘डोळे फार बोलके आहेत’ एवढेच येते, आणि ज्या खांद्याविषयी तिच्या मनात शंका असते त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. ‘समीक्षा’ हा शब्द पूर्ण झालेल्या कलाकृतीला शोभतो. अर्ध्या तासात केलेल्या कच्च्या रेखाटनाला तो फार जड होतो.

मागणे, देणे, घेणे आणि स्वीकारणे या चारही क्रियापदांबरोबर सहज चालेल असे नाम मला हवे आहे. आपण काय वापरता?

धातुपाठ

आपण ‘टीका’ इतक्या लवकर सोडून दिलीत याचे मला वाईट वाटले. टीका म्हणजे मुळात अर्थ उलगडून सांगणारे विवरण. ‘टीक्’ हा धातू गतिवाचक आहे आणि जिच्यामुळे अर्थापर्यंत जाता येते ती टीका, अशी पारंपरिक व्युत्पत्ती दिली जाते. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी ही ‘टीका केली’ असे तिच्या अखेरीस म्हटले आहे. तेथे दोष काढण्याचा विचारही नाही.

चित्रकलेशी तर या शब्दाचे नाते आणखी जवळचे आहे. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही चित्राची सहा अंगे सांगणारा जो श्लोक आपण नेहमी ऐकतो, तो कामसूत्राच्या मूळ सूत्रांत नसून यशोधराच्या ‘जयमंगला’ या टीकेत आहे. म्हणजे चित्र कोणत्या अंगांनी पाहावे हे आपल्याला एका टीकाकारानेच सांगितले. असा शब्द केवळ अलीकडच्या भांडखोर वापरामुळे टाकून द्यावा काय? आपण तो मूळ अर्थाने पुन्हा वापरू लागलो, तर निदान चित्रकारांच्या वर्तुळात तो शुद्ध होईल.

रेखक

मूळ अर्थ मान्य केला तरी, ज्याचे पहिले चित्र आज कोणासमोर जाणार आहे त्याला ‘टीका’ हा शब्द ऐकून तेरावे शतक आठवणार नाही, वर्तमानपत्रातला मथळा आठवेल. शब्द वाचणाऱ्याच्या मनात जे घडवतो तोच त्याचा आजचा अर्थ होय.

मी बरीच वर्षे इतरांची चित्रे पाहून सांगण्याचे काम करतो आहे, आणि माझ्या मते खरी अडचण अशी की या एका नावाखाली अनेक वेगवेगळ्या कृती मोडतात. समजा, तलवार उगारलेल्या योद्ध्याचे चित्र समोर आले. पहिल्या नजरेत तो पडेल असे वाटते. कारण शोधल्यावर लक्षात येते की शरीराचा गुरुत्वमध्य दोन पावलांच्या बाहेर जातो आहे, आणि सगळा भार एका पायावर असूनही कंबर व खांदे दोन्ही आडवे सरळ ठेवले आहेत. वास्तविक भाराच्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि खांदे बहुधा उलट्या दिशेला कलतात. मग उपाय सांगायचा: आकृती पूर्ण काळी भरून नुसत्या छायाकृतीत मुद्रा कळते का ते पाहा, चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवून पाहा म्हणजे सवयीने न दिसणारा तिरपेपणा दिसेल, रंग काढून टाकून केवळ करड्या छटांत चेहरा पार्श्वभूमीपासून सुटतो का ते तपासा. म्हणजे जे जाणवले ते सांगणे, त्याचे कारण शोधणे आणि वाट दाखवणे अशी ही तीन वेगळी कामे आहेत. ‘अभिप्राय’ पहिल्यापाशीच थांबतो, ‘समीक्षा’ दुसऱ्यापर्यंत जाते, आणि ‘मार्गदर्शन’ थेट तिसऱ्यावर उडी मारते.

आम्ही चित्रकार आपापसांत सरळ ‘क्रिट’ म्हणतो. ‘मला क्रिट दे’, ‘त्याने चांगली क्रिट दिली’ असे ते स्त्रीलिंगी रूप रुळले आहे. अनुवादिकाताईंनी सांगितलेली चारही क्रियापदे त्याला चालतात.

जुनी पाने

रेखक यांचे विवेचन फार आवडले, पण निष्कर्ष मान्य नाही. एखाद्या शब्दाला लिंग लाभले म्हणून तो मराठी झाला असे मानले, तर मग कोणत्याच शब्दाचा शोध घ्यायला नको. ‘क्रिट’ हा शब्द आधीच त्या वर्तुळात असलेल्यांना कळतो; मार्गदर्शिका मात्र नवशिक्यांसाठी आहे, आणि पहिल्याच पानावर असा शब्द भेटला की हे घर आपले नव्हे असे त्यांना वाटेल.

माझी सूचना ‘गुणदोषविवेचन’ अशी आहे. शब्द लांब आहे हे खरे, पण त्यात गुण आधी येतात आणि दोष नंतर. जे साधले आहे ते सांगितले नाही, तर नवशिका पुढच्या चित्रात दोषाबरोबर गुणही पुसून टाकतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. ‘परीक्षण’ही चालले असते, पण त्याच्या मागोमाग परीक्षक आणि गुणपत्रक येतात.

जाता जाता एक हरकत नोंदवतो. ‘सिल्हूट’साठी ‘छायाकृती’ म्हणू नये. चित्रकलेत छाया म्हणजे प्रकाश अडल्यामुळे पडलेली सावली. येथे मात्र आतील सगळा तपशील बुजवून उरलेली कड पाहायची असते. ‘बाह्याकृती’ अधिक नेमके आहे.

रेखक

‘बाह्याकृती’ म्हटले की नवशिके बाहेरची रेघ काढू लागतात, आणि मला हवी असते भरीव काळी आकृती. दोन्ही पाय एकमेकांत मिसळून एकच खांब झाला आहे, किंवा हात छातीवर आल्यामुळे आकृतीत हरवला आहे, हे भरीव आकारातच दिसते. शिवाय ज्या शब्दाचे आपण भाषांतर करतो आहोत तो एका माणसाच्या आडनावावरून आला आहे. एत्येन द सिल्हूट हे १७५९ मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री होते. शब्दाची कुळकथा आणि त्याचा उपयोग यांची सांगड नेहमीच बसते असे नाही.

धातुपाठ

छायेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायांकनाला ‘वर्तना’ असा शब्द आहे. तेथे म्हटले आहे की आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकार वर्तनेची, स्त्रियांना अलंकरण आवडते आणि इतर जनांना रंगांची समृद्धी. त्यातील स्त्रियांविषयीचे विधान आज कोणी मान्य करणार नाही, पण एकाच चित्राकडे पाहणारे वेगवेगळ्या गोष्टी पाहतात ही नोंद मात्र मोलाची आहे. मार्गदर्शिकेत ‘शेडिंग’साठी ‘वर्तना’ जरूर घ्यावे.

नवशिकी

आपणा सर्वांपेक्षा माझा अनुभव फार कमी आहे, परंतु ज्याच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे तो वाचक मीच असल्यामुळे लिहिण्याचे धाडस करते. ‘वर्तना’ हा शब्द मला आज प्रथमच कळला.

काही महिन्यांपूर्वी मी एका म्हाताऱ्या जादूगारिणीचे चित्र एका गटात ठेवले आणि खाली ‘टीका चालेल’ असे लिहिले. एका अनुभवी चित्रकाराने माझ्या चित्रावर नवा थर घेऊन चेहरा पुन्हा काढून दाखवला. नाक सरळ केले, जबडा निमुळता केला, डोळे एका रेषेत आणले. शरीररचनेच्या दृष्टीने त्यांचे रेखाटन माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगले होते, हे मला तेव्हाही दिसत होते. पण माझ्या जादूगारिणीचे नाक लहानपणी मोडलेले होते, आणि तिची सगळी कथा त्या नाकात होती. त्यांनी काढलेली बाई देखणी होती, पण ती माझी जादूगारीण राहिली नव्हती. मी आभार मानले आणि नंतर कित्येक आठवडे कोणालाच चित्र दाखवले नाही. मला खरे तर हात कसे जमले आहेत एवढेच विचारायचे होते.

तेव्हापासून मला वाटते की आपण कोणता शब्द लिहून विचारतो, त्यावर काय मिळेल हे बरेचसे ठरते.

जुनी पाने

आपला अनुभव वाचून वाईट वाटले. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ असे आपण नेहमी म्हणतो, पण त्या शेजाऱ्याने आपल्या घरात शिरून भिंती हलवाव्यात असे त्यात सांगितलेले नाही.

धातुपाठ

नवशिकी यांनी नकळत एका शब्दाचे कोडे सोडवले आहे. ‘अभिप्राय’ याचा संस्कृतातील मुख्य अर्थ ‘मत’ असा नसून ‘हेतू’, ‘आशय’, ‘मनात असलेले’ असा आहे. मराठीत तो पाहणाऱ्याकडे गेला आणि ‘मत’ हाच अर्थ रूढ झाला. व्यक्तिरेखेच्या चित्रात मात्र आधी चित्रकाराचा अभिप्राय सांगितला गेला पाहिजे: ही कोण आहे, तिचे नाक असे का, चित्र कोणत्या टप्प्यावर आहे. तो कळल्यावाचून समोरच्याला दोष आणि हेतू यांतला फरक ओळखता येणार नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा की चित्रकाराने अभिप्राय द्यावा आणि पाहणाऱ्याने टीका द्यावी.

रेखक

प्रस्ताव तर्कशुद्ध आहे, पण रूढ अर्थाच्या नेमका उलटा आहे, त्यामुळे वाचकांचा गोंधळ होईल. टप्प्याचा मुद्दा मात्र सोन्यासारखा आहे. लहान कच्च्या रेखाटनाच्या वेळी ‘मुद्रा ताठ आहे, पाठीचा कणा एका वळणदार रेषेत घे’ हे सांगितले तर दोन मिनिटांत बदल होतो. तेच चिलखताची प्रत्येक कडी रंगवून झाल्यावर सांगितले तर आठवड्याचे काम वाया जाते, किंवा अधिक वेळा असे होते की सूचना योग्य असूनही ती ऐकली जात नाही. डोके मोठे आहे असे म्हणण्याआधीही हेतू विचारावा लागतो. प्रौढ माणसाची उंची सर्वसाधारणपणे साडेसात डोक्यांएवढी धरतात आणि वीरनायकाची आठ किंवा त्याहून अधिक. पण कोणी मुद्दाम तीन डोक्यांएवढ्या उंचीचे गोंडस पात्र काढले असेल, तर तेथे साडेसातची पट्टी लावणे हा टीकाकाराचाच दोष ठरतो.

जुनी पाने

‘टिकणे’ आणि ‘टीका’ यांचा संबंध असावा असे मला फार दिवस वाटत आले आहे. जे टीकेत टिकते ते चांगले, असे आमचे चित्रकलेचे शिक्षक म्हणत असत.

धातुपाठ

तसा संबंध दाखवता येत नाही. वचन चांगले आहे, व्युत्पत्ती नाही.

जुनी पाने

मान्य आहे. त्यांची आठवण निघालीच म्हणून सांगतो: ते स्वतः ‘टीका’ हा शब्द वर्गात क्वचितच वापरत. ‘चित्र दाखव’ म्हणत, आणि आम्हीही ‘सर, जरा पाहून देता का?’ असे विचारत असू. पाहून देणे, तपासून देणे, नजरेखालून घालणे, हे सगळे प्रयोग आपल्याकडे असताना आपण नामाचा एवढा हट्ट का धरतो?

अनुवादिका

आपला हा शेवटचा प्रश्न वाचला आणि मी शब्दांची टिपणे पुन्हा काढली. समीक्षा आणि परीक्षण या दोन्हींत ‘ईक्ष्’ आहे, म्हणजे पाहणे. आलोचनेतही ‘लोच्’ आहे, जो लोचनात आहे, म्हणजे पुन्हा पाहणेच. ‘क्रिटीक’ मात्र ज्या ग्रीक क्रियापदापासून आला त्याचा अर्थ वेगळे करणे, निवाडा करणे असा आहे. मी निवाड्याचा शब्द शोधत होते, आणि आपली भाषा मला पुन्हा पुन्हा पाहण्याचा देत होती. म्हणून प्रकरणांची नावे आता ‘चित्र दाखवताना’ आणि ‘चित्र पाहून देताना’ अशी केली आहेत. मजकुरात मात्र नामावाचून वाक्ये अडतात, तेथे अजून ‘अभिप्राय’ आणि ‘समीक्षा’ आलटून पालटून आहेत, आणि ते मला स्वतःलाच रुचत नाही.

रेखक

‘पाहून देणे’ यात सौजन्य आहे, पण निवाड्याचा भाग गेला, आणि मला तो गमावायचा नाही. खांदा चुकला आहे तर तो चुकला आहे असे कोणीतरी म्हटले पाहिजे. मी ‘क्रिट’वर ठाम आहे.

नवशिकी

मला ‘चित्र पाहून देताना’ आवडले. एक शंका राहिली आहे. माझ्या चित्रावर थर घेऊन जे केले गेले, त्याला काय म्हणावे? ‘दुरुस्ती’ म्हणायला मन घेत नाही.

जुनी पाने

‘हात फिरवणे’. शिक्षक आमच्या चित्रावरून हात फिरवत.

धातुपाठ

‘हात फिरवणे’ म्हणजे शेवटची सफाई, आणि ती मूळ चित्रावरच राहते. येथे मूळ चित्र खालच्या थरात जसेच्या तसे असते आणि वरचा थर केव्हाही बंद करता येतो, म्हणून वेगळा शब्द हवा.

नवशिकी

मी तो थर अजून बंद केलेला नाही. हातांविषयी त्यांनी एका कोपऱ्यात दोन रेघा काढून दाखवल्या होत्या. अंगठा मनगटाजवळून निघतो, बोटांच्या रांगेतून नाही, एवढेच त्यांत होते. त्या मला आज प्रथमच दिसल्या.