अनुभव धागा: वसंतात नदी चढलेली असताना केलेली मासेमारी

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी वसंतातले पाच-सहा आठवडे चक्क सोडून द्यायचो. वरच्या डोंगरातलं बर्फ वितळायचं, त्यात एखादा पाऊस पडायचा, आणि नदी मातकट होऊन काठाला लागायची. अशा लोंढ्यात मासा काय लागणार, म्हणून छडी भिंतीला टेकवलेलीच असायची.

मग एका एप्रिलमध्ये राहवलं नाही म्हणून गेलो. नेहमीची बसायची जागा पाण्याखाली होती. सवयीने गळ मधल्या धारेत टाकला. शिसं तळाला टेकतंय न टेकतंय तोच वाहून खाली, आणि तंगुसावर गवताची झालर. पाच-सहा वेळा हेच झालं. सातव्या वेळी कंटाळून दोरी गुंडाळत होतो. गांडूळ काठाशी, माझ्या बुटांपासून दोन हातांवर आलेलं. तिथे वाळुंजाचं एक मूळ पाण्यात गेलं होतं आणि त्याच्यामागे ताटाएवढा पाण्याचा तुकडा जवळजवळ स्थिर होता. तिथेच छडीचं टोक वाकलं. दीडेक किलोची ट्राउट. तासभर मी जवळपास तिच्या डोक्यावर उभा राहून दूर कुठेतरी गळ फेकत होतो.

नंतर विचार केला तेव्हा सगळं साधंच वाटलं. मधल्या धारेत टिकून राहायला माशाला जी ताकद लागते, ती खाऊन भरून निघत नाही. तळाशी आणि काठाशी पाणी घासत जातं म्हणून तिथे ओढ कमी असते. एरवी नदीभर विखुरलेले मासे पाणी चढलं की काठाच्या अरुंद पट्टीत येतात. चढलेल्या पाण्यात मासे कमी होत नाहीत, त्यांची जागा बदलते. आता मी पाण्यापासून पाच पावलं मागे उभा राहतो आणि पहिला गळ पायाशीच सोडतो.

तुमचे अनुभव लिहा. मासा लागलाच पाहिजे असं नाही. पाणी चढतं होतं की उतरतं, गळ कुठे सोडलात, काय घडलं, एवढं नक्की लिहा.

*

चढतं की उतरतं हे विचारलंत ते फार बरं केलंत. माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

नदीवर पोचल्यावर मी आधी एक काडी तोडतो आणि पाणी जिथे संपतं तिथे बरोबर रोवतो. मग छडी जोडणं, गळ बांधणं. वीस मिनिटांनी काडीकडे बघायचं. काडी पाण्यात गेली असेल तर नदी चढते आहे. काडी आणि पाणी यांच्यामध्ये ओली, चकचकीत मातीची पट्टी दिसली तर उतरते आहे. ती पट्टी दिसली की माझे हात आपोआप भरभर चालायला लागतात.

चढत्या पाण्याचा पहिला तास-दीड तास चांगला जातो, विशेषतः कोमट पावसाने चढलेलं असेल तर. काठची माती धुपून गांडुळं, अळ्या पाण्यात पडतात आणि मासे त्या टिपायला येतात. नंतर कचरा सुरू होतो. फांद्या, पालापाचोळा, अख्खे ओंडके. तेव्हा मी गुंडाळून घरी येतो. खरा दिवस असतो तो पाणी उतरायला लागून रंग जरा निवळल्यावरचा. पाण्यात बूट घालायचा आणि बुटाचं टोक दिसतंय का बघायचं. गुडघाभर पाण्यात ते पुसट दिसायला लागलं की मी आणखी थांबत नाही.

बर्फाच्या पाण्याचं गणित मात्र वेगळं आहे हे मला उशिरा कळलं. दुपारच्या उन्हात बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात. उगमाजवळच्या नद्या संध्याकाळी-रात्री फुगतात आणि सकाळी सगळ्यात उतरलेल्या, त्यातल्या त्यात स्वच्छ असतात. खाली दूर असाल तर हीच लाट कुठल्याही वेळी पोचू शकते. मी वर्षानुवर्षं ऑफिसनंतर संध्याकाळी जायचो आणि म्हणायचो, ही नदी वसंतात देतच नाही. तीच नदी पहाटे देत होती.

ज्यांच्याकडे नदीची पातळी इंटरनेटवर बघायची सोय आहे त्यांनी ती जरूर बघावी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने पहिलं नदीमापक केंद्र १८८९ साली रिओ ग्रांदे नदीवर, न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो इथे सुरू केलं. आज अमेरिकेतल्या हजारो ठिकाणांचे आलेख घरबसल्या दिसतात. आकड्यापेक्षा रेघेचा कल बघा. पण घरी आलेख बघितला तरी काठावर काडी रोवाच. आलेख मापकाजवळच्या पाण्याचा असतो, तुमच्या वळणावरचा नाही.

*

गढूळ पाण्यात मासा डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या रेषेने त्याला पाण्यातली थरथर कळते. कॅटफिशला तर मिशांवरही चव लागते. म्हणून मी वसंतात दोनच गोष्टी बदलतो. आमिष मोठं आणि वासाचं, म्हणजे एका गळावर एकाऐवजी तीन गांडुळं, शेपट्या मोकळ्या सोडलेल्या. कृत्रिम आमिष वापरायचं असेल तर पातं फिरणारं, गडद रंगाचं. चमकदार चंदेरीपेक्षा काळं आमिष गढुळात चांगलं लागतं हा माझा पाच-सहा हंगामांचा अनुभव आहे. खालून बघणाऱ्या माशाला आभाळाच्या उजेडावर त्याची आकृती दिसत असावी.

वॉलाय या माशाचा अपवाद. त्याच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे धूसर पाण्यात त्याचं भक्ष्यापेक्षा बरं चालतं.

*

मी माशाबद्दल नाही, पडण्याबद्दल लिहिणार आहे. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

मार्चचा शेवट होता. पाणी उतरत होतं, म्हणजे वर लिहिलंय तशी अगदी हवी तशी वेळ. पलीकडे एका खडकामागे सुंदर संथ पाणी होतं आणि मध्ये जेमतेम मांडीभर खोली. ती जागा मी उन्हाळ्यात पन्नास वेळा ओलांडली होती. छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घातले होते, आत पाणी शिरू नये म्हणून बांधायचा पट्टा मात्र बांधला नव्हता. पाच-सात पावलं गेलो. पायाखालचे दगड माझ्या ओळखीचे राहिले नव्हते, पुराने सगळे हलवले होते. एक पाय उचलला आणि दुसऱ्याखालचा गोटा घरंगळला.

पाणी छातीला लागलं आणि तोंडातून आपोआप एक मोठा श्वास आत ओढला गेला. थंड पाण्यात पहिला मिनिटभर असंच होतं, श्वास ताब्यात राहत नाही. तोंड पाण्याखाली असतं तर तो श्वास पाण्याचाच झाला असता. मी उठायचा प्रयत्न केला, तीही चूक. वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाय दगडात अडकू शकतो आणि मग पाणी तुम्हाला पुढे आडवं करतं. मला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं आठवलं: पाठीवर पड, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने. तसा पडलो. पन्नास-साठ मीटर खाली वळणावर काठाला लागलो. छडी गेली. हात इतके बधिर झाले होते की गाडीचं दार उघडायला दोन्ही तळवे लावावे लागले.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. उन्हाळ्यातली मांडीभर नदी आणि वसंतातली मांडीभर नदी यांची तुलनाच होत नाही. आता मी फुगवता येणारं लाइफ जॅकेट घालतो, वेडरचा पट्टा घट्ट आवळतो, आणि वसंतात घोट्याच्या वर पाण्यात उतरत नाही. या धाग्यावर सगळे म्हणताहेत की मासा काठाशीच असतो. मग मी पलीकडे कशाला जात होतो?

आणखी एक. खाली पोखरलेला काठ वरून हिरवागार दिसतो. कडेला उभं राहण्याआधी बाजूने वाकून बघा. आणि वर धरण असेल तर पाणी सोडण्याचा भोंगा ऐकू आल्यावर गळ गुंडाळत बसू नका.

*

वरचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. सुखरूप आहात हे वाचून फार बरं वाटलं. मी आजच पट्ट्याचं बक्कल दुरुस्त केलं.

*

वजनाबद्दल थोडं वेगळं मत मांडते. चढलेलं पाणी म्हटलं की सगळे जड वजन लावा म्हणून सांगतात. मीही लावायचे. पण वजन वाहून जातं त्याचं कारण बऱ्याचदा वजन नसतंच, दोरी असते. पाण्यात जितकी लांब दोरी, तितकी धार तिला धनुष्यासारखी ताणते आणि वजन उचलते. छडी उभी धरून दोरी पाण्याबाहेर ठेवली, बारीक तंगूस घेतलं आणि जवळ टाकलं की निम्म्या वजनात काम होतं. गोल वजन घरंगळतं, चपटं बसतं. गळ सरळ समोर न टाकता थोडा प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा आणि मग दोरीला जरा सैल पोट द्यायचं, म्हणजे वजन आणखी पक्कं बसतं. मासा लागला की ते पोट अचानक ढिलं पडतं. खेच जाणवत नाही, उलट सगळं सैल होतं. हे ओळखायला मला एक अख्खा हंगाम गेला. तोवर मी वारा समजत होते.

शिसं वापरत असाल तर पर्याय बघा. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी आहे, कारण काठाशी पडलेल्या गोळ्या खड्यांबरोबर गिळून हंस मरत होते. पुरात तर वजनं फार तुटतात. टंगस्टन महाग असतं, पण साधा गुळगुळीत दगड रबराने बांधूनही भागतं.

*

चढलेली नदी शेजारच्या कुरणात शिरते ना, तिथला हा अनुभव.

बर्फ जाऊन आठवडा झाला असेल. कुरणात पोटरीभर पाणी आणि त्यात गेल्या वर्षीचं पिवळं गवत आडवं झालेलं. मी कडेने चालत होतो, तर दहा पावलांवर गवत हललं. आधी वाटलं बदक असेल. मग पाठीवरचा मागे सरकलेला पंख पाण्याबाहेर आला. पाइक, चांगली हातभर लांब, पोट फुगलेलं. तिच्या दोन्ही अंगांना दोन लहान नर चिकटून. तिघं गवतातून हळूहळू पुढे सरकायचे, एकदम थरथरायचे, थांबायचे, पुन्हा पुढे. पाणी इतकं उथळ की त्यांच्या पाठी कोरड्या पडत होत्या.

हातात छडी होती. इतक्या जवळून इतका मोठा मासा मी आयुष्यात बघितला नव्हता. छडी खाली ठेवली आणि बसून राहिलो.

ते गेल्यावर वाकून बघितलं. गवताच्या पात्यांना मोहरीपेक्षा जराशी मोठी, मधाच्या रंगाची अंडी चिकटलेली, एकेक सुटी. एका पात्यावर सात मोजली. नदीचं पाणी झपकन उतरलं तर ही अंडी तशीच वाळतात. तेव्हापासून उतरत्या पाण्याची ती ओली चकचकीत पट्टी बघून मला पूर्वीसारखा निव्वळ आनंद होत नाही. आणि बुडालेल्या गवतात मी वसंतात गळही टाकत नाही, पायही ठेवत नाही. तिथल्या माशाला नियम काही सांगोत, माझ्यापुरतं ठरलं आहे.

*

याच कारणाने इंग्लंडमधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते. ट्राउट, सामन यांचे नियम वेगळे, पण कार्पच्या कुळातले मासे, पाइक, पर्च यांच्यासाठी नदी बंद. पाइक त्यातलीच, म्हणून तुमचं वर्णन वाचून ती बंदी मला जास्त पटली.

बंदीच्या काळात मी छडीशिवाय काठाने फिरतो आणि वहीत नकाशे काढतो. पूर असताना जिथे फेस गोल फिरत राहतो, जिथे तरंगती काटकी थांबते, उलटी वर जाते, त्या जागांवर खूण. एका पुलाखाली मला तीन खुणा मिळाल्या: खांबामागे, काठाच्या भिंतीच्या कोपऱ्यात, आणि चक्क खांबाच्या पुढे, कारण धार खांबाला आपटून मागे दबते तिथेही लहानशी उशी तयार होते. पुढच्या शरदात पाणी तसंच चढलं तेव्हा वही उघडून गेलो. खांबापुढच्या उशीतच चब नावाचा मासा लागला.

*

मला लांब लिहिता येत नाही. लहान ओढा मोठ्या नदीला मिळतो तिथे जा. नदी गढूळ आणि ओढा स्वच्छ असेल तर दोन पाण्यांची रेघ स्पष्ट दिसते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ती पहिल्यांदा दाखवली, "बाबा, नदीला शिवण आहे." त्या शिवणीवर, गढूळ बाजूला वीतभर, गळ सोडला. चार ट्राउट. तिने तीन, मी एक.

*

धागाकर्ता परत एकदा.

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि आज पहाटे गेलो. पट्टा बांधला. आधी काडी रोवली. वीस मिनिटांनी दोन बोटं ओली माती दिसली, नदी उतरत होती. खालच्या कुरणात अजून पाणी उभं आहे, तिकडे फिरकलो नाही. चपटं वजन, बारीक तंगूस, छडी उभी, दोरीला सैल पोट. वाळुंजाच्या त्याच मुळामागे.

तासभर काही नाही. मग ते पोट ढिलं पडलं, अगदी वर लिहिलंय तसं, आणि मी ते ओळखलं नाही. दोरी आवळून घेईपर्यंत गांडुळं गेली होती. पुन्हा तीन लावली, शेपट्या मोकळ्या. पाचेक मिनिटांत दोरी परत ढिली पडली, या वेळी लगेच छडी उचलली. ट्राउट, लहान, वीतभर. तोंडातून गळ काढताना तिच्या घशात आणखी एका गांडुळाचं टोक दिसलं, ते माझं नव्हतं. पाण्यातच धरून सोडली. ती लगेच लांब गेली नाही, मुळामागच्या त्याच तुकड्यात जाऊन तळाला बसली.

काडी तिथेच ठेवून आलो आहे. उद्या पहाटे बघतो पाणी किती मागे गेलंय ते.