हळद पॉलिशचा लहान ढोल: आधी स्पर्धा की आधी पेटंट?

प्रश्न: अंतिम वर्षाचा विद्यार्थी, वसमत
नमस्कार. मी नांदेडला अभियांत्रिकी शिकतो. घरी दीड एकर हळद असते. शिजवून वाळवलेली हळकुंडे पॉलिश करायला गावात मोठा ढोल येईपर्यंत आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते, म्हणून आम्ही तिघांनी घरच्या विजेवर चालणारा लहान ढोल प्रकल्पासाठी तयार केला. पुढच्या महिन्यात तो स्पर्धेत मांडायचा आहे. स्टार्टअपवरची व्याख्याने आम्ही पुष्कळ ऐकली, पण पेटंट कोणाच्या नावावर होते, हे वर्गातल्या एकालाही सांगता आले नाही. आधी काय करावे?

उत्तर: प्राध्यापिका, नांदेड
जाहीरपणे मांडण्यापूर्वी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज कर, कारण एकदा सर्वांसमोर उघड झालेली रचना नवी मानली जाणे अवघड असते. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे आणि त्यानंतर १२ महिन्यांत संपूर्ण तपशील द्यावा लागतो. मालकीचे म्हणशील, तर केंद्राच्या २०१९ च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणानुसार अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा संस्थेची साधने मोठ्या प्रमाणात वापरून केलेल्या कामावर विद्यार्थी आणि संस्था यांची संयुक्त मालकी अपेक्षित आहे. तुझा ढोल प्रकल्पच असल्याने महाविद्यालयाशी आत्ताच लेखी बोलून घे. हे आम्ही शिक्षकांनी पहिल्या वर्षीच सांगायला हवे होते, याची मला मनापासून खंत वाटते.

उत्तर: शेती अवजारे बनवणारा, परभणी
मॅडमचे म्हणणे योग्य आहे, पण फिरत्या ढोलात हळद घासणे ही पद्धत जुनीच आहे, तेव्हा तुमच्या रचनेत नेमके वेगळे काय, आतली जाळी, वेग की धूळ बाहेर काढण्याची सोय, हे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधून आधी ठरवा. तो शोध विनामूल्य आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हंगाम संपण्याआधी आठ-दहा शेतकऱ्यांचा माल त्यात घालून पाहा, किती घट येते ते वजन करून लिहा आणि मोंढ्यातल्या आडत्याला चकाकी दाखवा. परीक्षकांना आवडलेली यंत्रे कोपऱ्यात गंजताना मी पाहिली आहेत. त्यांच्या निर्मात्यांनी एकदाही गिऱ्हाइकाला भाव विचारला नव्हता.

उत्तर: माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर
महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालय आमच्याच शहरात आहे आणि नवउद्योगांना सुरुवातीला आधार देणारे 'मॅजिक' हे इन्क्युबेशन केंद्रही येथेच आहे, पण मला दोन्ही पदवीनंतर कळली. तुम्ही शिकत असतानाच जाऊन या. मॅडमनी सांगितलेल्या २०१९ च्या धोरणात स्टार्टअपच्या कामाला श्रेयांक देण्याची आणि सत्राची सुट्टी घेऊ देण्याची तरतूद सुचवलेली आहे; तुमच्या विद्यापीठाने ती स्वीकारली आहे का, हे विभागप्रमुखांना विचारा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. जाळीची रचना आमची स्वतःची आहे, त्यामुळे शोध आजच सुरू करतो. अर्ज झाल्यावर रविवारी काकांची दोन पोती ढोलात घालणार आहोत. घटीचे आकडे येथे लिहितो.