मदत हवी आहे : फेरपाळीच्या चराईत कुसांचं कुसळी गवत वाढतंय, चाऱ्याचं मारवेल गवत मागे पडतंय

माण तालुक्यातलं ४ एकर माळरान, १० खिलार गाई. झटका तारेने ८ कप्पे केलेत; प्रत्येकात ३ दिवस चराई, मग २१ दिवस विश्रांती. गवत वीतभर उरलं की गाई हलवायच्या असं ठरलेलं, पण तिसऱ्या दिवशी त्या मारवेलाचा नवा कोंब पुन्हा खुडतात आणि कुसळीला तोंड लावत नाहीत. खरं नुकसान तिथेच होतंय.

प्रत्येक कप्प्याचे दोन करून (एकूण १६) दीड दिवसावर यावं का? विश्रांती जवळपास तेवढीच राहील (साडेबावीस दिवस), पण पाण्याची टाकी एकच आहे, तिच्याभोवती आधीच चिखल. शिवाय कुसळी फुलोऱ्याआधी कापावी की गाई दाटीने सोडून चारावी? कुसळीने टोकदार कुसं धरली की गाईंच्या तोंडाला जखमा होतात, म्हणून घाई आहे.