गणपतराव देशमुख : अकरा वेळा, पण सलग नव्हे

गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, सांगोल्यातून (सोलापूर जिल्हा) विधानसभेवर 'सलग अकरा वेळा' निवडून आले, असं कुणीतरी लिहिलंय. अकरा बरोबर, सलग नाही. 1962 आणि 67 ला जिंकल्यावर 72 ला ते पडले, 74 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पुन्हा पराभव, तोही 192 मतांनी. हरवणारे शहाजीबापू पाटील. हो, तेच 'काय झाडी, काय डोंगार'वाले! 99 ला आबा परत निवडून आले, ते थेट 2014 च्या निवडणुकीपर्यंत जिंकत राहिले. इतकी वर्षं आणि पक्ष एकच, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष).

आबा समजून घ्यायला विधेयकांवर त्यांनी कसं मतदान केलं ते काढा, असंही कुणी सुचवलंय. ही सूचना मात्र फारशी कामाची नाही. आपल्या विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'चं बहुमत, की झालं! कुणी मतविभागणी (प्रत्यक्ष मतमोजणी) मागितली आणि ती मिळाली तरच नावानिशी नोंद राहते. 2014 ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजीच झाला होता. आबा समजून घ्यायचे तर सभागृहाच्या कार्यवाहीतली त्यांची भाषणं वाचावीत. पाणी आणि दुष्काळावरची आधी.